जुन्या मसल कारचा आवाज: एक्झॉस्ट निवडायला कुठून सुरुवात करावी

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते. १९९५ पासून हा ‘ड्रीम क्रूझ’ भरतो. मी फर्नडेलच्या बाजूला फूटपाथवर खुर्ची टाकून बसतो आणि बराच वेळ गाड्यांकडे पाहतच नाही, फक्त ऐकतो. काही वर्षं असं ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. जी गाडी गेल्यावर माणसं मान वळवून बघतात, ती सगळ्यांत मोठ्या आवाजाची क्वचितच असते. तिच्या आवाजात ठोके सुटे ऐकू येतात.

हा लेख त्या ठोक्यांसाठी आहे, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टसाठी. गाड्या कोणत्या, तर १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकन व्ही-८, म्हणजे चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेल्या, ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या. उदाहरणाला माझीच गाडी घेतो: १९७० ची शेव्हेल मालिबू, ३५० क्युबिक इंचांचं इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, कंपनीच्या कागदावर ३०० हॉर्सपॉवर, तीन गिअरचं ऑटोमॅटिक. बहुतेक जण मफलर, म्हणजे आपला सायलेन्सर, विकत घेऊन मोकळे होतात आणि मग बाकीचं त्याला जुळवत बसतात. मीही तसंच केलं होतं आणि एकच काम दोनदा करावं लागलं. मफलर शेवटून दुसऱ्या पायरीवर येतो. त्याच्या आधी बरंच ठरवावं लागतं.

आधी इंजिनाचा ताल ओळखा

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे झाले की आठही सिलिंडर एकेकदा पेटतात. दर ९० अंशांनी एक ठोका, म्हणजे आठ मात्रांचं एक आवर्तन. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉकचा (माझं ३५० याच लहान व्ही-८ घराण्यातलं) पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे. विषम क्रमांकांचे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, सम उजवीकडे. आता हे टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून पाहा: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा.

केरव्याच्याच आठ मात्रा. दोन्ही हात मिळून ठेका अगदी सरळ चालतो. पण फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्या. तो पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. मधली अंतरं ३, २, १, २. उजवा हातही असाच, त्याचे एक-आड-एक न पडणारे ठोके वेगळ्या जागी. गाडीत प्रत्येक हाताला स्वतःची नळी असते, म्हणून प्रत्येक नळीतून हा अडखळता ठेका बाहेर पडतो. ७०० आरपीएमवर गाडी उभी असताना हे आवर्तन सेकंदाला साधारण सहा वेळा फिरतं. मोजता येईल-न येईल असा हा वेग, आणि त्यालाच आपण गुरगुर म्हणतो. फेरारीच्या व्ही-८ मध्ये क्रँकशाफ्टची घडणच वेगळी, तिथे प्रत्येक बाजूचे ठोके समान अंतरावर पडतात, म्हणून ती गुरगुरत नाही, किंचाळते. कितीही महागडा मफलर लावला तरी एकीचा आवाज दुसरीतून निघणार नाही.

क्रायस्लरच्या आणि पॉन्टिॲकच्या व्ही-८ चा क्रम शेव्हरोलेसारखाच. फोर्डच्या २८९ क्युबिक इंची इंजिनाचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा वेगळा दिसतो, पण फोर्ड सिलिंडरांना क्रमांकच निराळ्या पद्धतीने देते. क्रमांक बदलून मांडून पाहिलं तर ठेका हुबेहूब तोच निघतो. त्यामुळे पुढचं बरंचसं मस्टँगवाल्यांनाही लागू आहे.

दुसरी गोष्ट कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. उभ्या गाडीचा ‘ढब-ढब’ करत डोलणारा आवाज अनेकांना हवा असतो आणि तो ते मफलरकडून मागतात. तो येतो इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहण्यातून. हा काळ जितका जास्त, तितकं इंजिन कमी आरपीएमवर डळमळतं. कंपनीचा सौम्य कॅम असेल तर ते डोलणं कुठल्याही एक्झॉस्टने येणार नाही. आणि कॅम बदलायचाच असेल तर आधी बदला, कारण मोठ्या कॅमने इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो, पॉवर ब्रेकची ताकद त्यावर चालते, आणि एक्झॉस्टचा आवाजही इतका बदलतो की आधी केलेली निवड वाया जाते.

खरेदीआधी गळती शोधा

पन्नास वर्षांच्या गाडीत आहे तोच आवाज बहुधा खरा नसतो. थंड इंजिनाला ‘टिक-टिक’ येते आणि तापल्यावर जाते का? मग मॅनिफोल्डचं (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागाचं) गॅस्केट फुंकतंय किंवा बोल्ट तुटलाय. धातू तापून फुगला की फट बुजते. खात्री करायला वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर उलटा, म्हणजे हवा फेकणारा, टेलपाइपला (नळीच्या मागच्या टोकाला) जोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. हे इंजिन बंद आणि थंड असतानाच करायचं.

स्मॉल-ब्लॉकमध्ये उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझर नावाची एक झडप असते. थंडीत कार्ब्युरेटरखाली उष्णता पोचवायला ती बंद होते. गंजून बंदच राहिली तर एका बाजूचा आवाज गुदमरतो आणि माणूस मफलरला दोष देत राहतो. हाताने फिरते का बघा. माझ्या गाडीत ती जाम झाली होती. मोकळी केल्यावर उजव्या नळीचा आवाज इतका खुलला की आधी बसवलेला मफलर मुळात नकोच होता असं वाटलं.

मॅनिफोल्ड की हेडर

कंपनीचं बिडाचं मॅनिफोल्ड जाड असतं. ते धातूची खणखण गिळतं, म्हणून आवाज भरदार आणि थोडा दबलेला येतो. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पातळ पोलादाची स्वतंत्र नळी, पुढे चारही एका कलेक्टरमध्ये. ताकद वाढते, ठोके धारदार होतात, पण पातळ पत्र्याची एक झणझण सोबत येते, तीही थेट बॉनेटखालून. लांब हेडर लावले तर स्पीडब्रेकरवर खाली घासतात, आणि स्टार्टर उजव्या बाजूला असल्याने त्याला उष्णता लागते. प्लगच्या वायरींचंही तेच.

शहरात चालणाऱ्या, सौम्य कॅमच्या ३५० साठी मी बिडाच्याच मॅनिफोल्डच्या बाजूने आहे. थोडं मोकळं श्वसन हवं असेल तर जुन्या कॉर्व्हेटवर असायची तशी ‘रॅम्स हॉर्न’ मॅनिफोल्ड अडीच इंची तोंडाची मिळतात. तुमच्या गाडीत स्टीयरिंगच्या आणि फ्रेमच्या आड येत नाहीत ना, हे मोजून मग घ्या. हेडरच घ्यायचे तर स्मॉल-ब्लॉकला एक पूर्णांक पाच अष्टमांश इंची नळ्या पुरतात, आणि सिरॅमिक लेप असलेले घ्या. उष्णता आत राहते आणि गंजही उशिरा येतो. हेडर बसवल्यावर कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ पडतं. प्लग काढून रंग बघा आणि जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) बदला. ॲक्सिलरेटर सोडताना येणारे फटाके बऱ्याचदा अशा पातळ मिश्रणाचे किंवा गळतीचे असतात. ते कौतुकाने मिरवू नका, दुरुस्त करा.

नळीचा व्यास

इथे सगळ्यांत जास्त चूक होते, आणि ती नेहमी एकाच दिशेची: गरजेपेक्षा मोठी नळी. त्यातलं एक कारण छापील आकडे. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या ग्रॉस हॉर्सपॉवर छापत, म्हणजे इंजिन टेस्ट स्टँडवर ठेवून, गाडीतला एक्झॉस्ट आणि एअर क्लीनर न जोडता मोजलेली. १९७२ पासून नेट आकडे आले आणि त्याच इंजिनांचे आकडे एकदम खाली आले. माझ्या ‘३००’ ची चाकापर्यंत पोचणारी ताकद बरीच कमी आहे.

मेकॅनिक मंडळींचा एक हिशेब आहे. एका हॉर्सपॉवरला मिनिटाला सुमारे २.२ घनफूट हवा लागते, आणि नळीच्या पोटातल्या एका चौरस इंचातून सुमारे ११५ घनफूट सहज जाते. सव्वादोन इंची नळीचं आतलं क्षेत्रफळ साधारण साडेतीन चौरस इंच. एका नळीला १८० च्या वर, दोन नळ्यांना ३६० च्या वर हॉर्सपॉवर झेपते. अडीच इंची जोडीला सुमारे ४६०. म्हणजे माझ्यासारख्या ३५० ला सव्वादोन पुरेशी, पुढे इंजिन वाढवणार असाल तर अडीच. तीन इंची जोडी ५०० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या मोठ्या इंजिनांसाठी ठेवा. लहान इंजिनाला ती लावली की ठोके नळीत पसरून जातात, आवाज पोकळ येतो, आणि गुरगुरीऐवजी रिकाम्या पिंपात बोलल्यासारखं वाटतं.

वळणं कशी केली आहेत तेही विचारा. मँड्रेल बेंडमध्ये वळणावर व्यास तसाच राहतो. गल्लीतल्या साध्या मशिनवर वळवली तर नळी तिथे चेपते, आणि अडीच इंचीचे पैसे देऊन वळणावर कमी व्यास पदरात पडतो. पत्रा १६ गेजचा घ्या. पातळ पत्रा झणझणतो. धातूबद्दल थोडक्यात: साधं पोलाद हिवाळ्यात मीठ टाकलेल्या इथल्या रस्त्यांवर टिकत नाही, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद बहुतेकांना पुरतं, ३०४ स्टेनलेस चकचकीत राहतं आणि महाग पडतं.

डाव्या-उजव्याची गाठ

दोन नळ्या शेवटपर्यंत अगदी वेगळ्या ठेवल्या तर ठेका सगळ्यांत सुटा ऐकू येतो, पण खरबरीत आणि थोडा कोरडा. दोन्हींना मध्ये एका आडव्या नळीने जोडलं की झाला एच-पाइप. दाब एका बाजूकडून दुसरीकडे थोडासा जातो, टोकं गोल होतात, खर्ज वाढतो, आणि डाव्याचं डावेपण, उजव्याचं उजवेपण टिकतं. एक्स-पाइपमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांना छेदतात. प्रत्येक टेलपाइपला जवळजवळ आठही मात्रा ऐकू जातात, अडखळणं पुसलं जातं, आवाज उंच आणि गुळगुळीत होतो. वरच्या आरपीएमला ताकदीचा थोडा फायदा मिळतो, हे खरं. पण साठच्या दशकाचा आवाज हवा असेल तर एच-पाइपच. यावर माझं मत ठाम आहे: इंजिनाने जो ताल दिला तो मधेच पुसून टाकायचा आणि मग मफलरकडून परत मागायचा, यात अर्थ नाही.

एच कुठे बसवायचा? जुनी युक्ती सोपी आहे. दोन्ही नळ्यांवर गिअरबॉक्सच्या आसपास साध्या काळ्या स्प्रे-पेंटचा पट्टा मारा आणि गाडी जोरात फिरवून आणा. रंग जिथपर्यंत जळालाय तिथे जोडणी करा. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर (त्याला पेलणारी आडवी पट्टी) आड येतो, त्यामुळे जमेल तितकं त्या जागेजवळ. आडवी नळी मुख्य नळीच्याच व्यासाची किंवा थोडीच लहान असावी.

आता मफलर

मफलरच्या तीन मुख्य जाती आहेत.

ग्लासपॅक: भोकं पाडलेली सरळ नळी, भोवती काचतंतू, वर पत्रा. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० वर असेच होते, आणि तिच्या नळ्या मागच्या चाकांच्या पुढे, बाजूला निघत. आवाज उघडा, कर्कश, सुटताना फटफटणारा. स्वस्त असतात. पण काचतंतू हळूहळू जळतात आणि उडून जातात, त्यामुळे आज बसवलेला आवाज दोन वर्षांनी तोच राहत नाही, वाढत जातो. हे लक्षात ठेवूनच घ्या.

चेंबर्ड: आत भरणच नाही, पत्र्याच्या भिंती आणि कप्पे. लाटा एकमेकींवर आपटून काही सूर मारतात, काही उरतात. फ्लोमास्टर कंपनी १९८३ मध्ये निघाली तेव्हापासून हा आवाज अमेरिकेत ‘मसल कार’ या शब्दाशीच जोडला गेलाय. ॲक्सिलरेटर दाबला की भुंकतो. दोन कप्प्यांचा फार आक्रमक, तीन कप्प्यांचा थोडा शहाणा. पण गाडीच्या आतल्या घुमण्याची तक्रार सगळ्यांत जास्त याच जातीची, विशेषतः लहान पेटीची.

टर्बो मफलर: नाव साठच्या दशकातल्या शेव्हरोले कोर्वेअरच्या टर्बो मॉडेलवरून आलं. तिचा मफलर मोकळा वाहतो हे हॉट-रॉडवाल्यांच्या, म्हणजे वेगासाठी गाड्या बदलणाऱ्यांच्या, लक्षात आलं आणि तो त्यांनी भलत्याच गाड्यांवर चढवला. आत नळी इंग्रजी एस अक्षरासारखी फिरते, भोवती भरण. आवाज खोल आणि सभ्य, शोरूममधून निघालेल्या जीटी गाडीच्या सगळ्यांत जवळचा. माझ्या गाडीवर हाच आहे: लांब पेटीचा, अडीच इंची तोंडाचा. सौम्य ३५० ला याहून योग्य काही मला सापडलेलं नाही. सरळ नळीचे आधुनिक स्टेनलेस मफलर चांगले वाहतात, पण त्यांचा सूर नव्या गाडीचा आहे.

निवड करताना एक नियम पाळा: पेटी जेवढी मोठी आणि लांब, तेवढा आवाज खोल आणि आतला त्रास कमी. गाडीखाली जागा मोजा आणि मावेल ती सगळ्यांत मोठी पेटी घ्या. इंटरनेटवरच्या क्लिपवर विसंबू नका, फोनचा माइक खर्ज पकडत नाही. त्याच इंजिनाची, तशाच कॅमची गाडी प्रत्यक्ष शोधा आणि मालकाला विनंती करा. आत बसून एक फेरी मारा, बाहेर उभं राहून ऐका, दोन्ही. वुडवर्डवर मला आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

१९७० च्या जीटीओला पॉन्टिॲकने एक खास सोय दिली होती. डॅशबोर्डखालची कळ ओढली की व्हॅक्यूमने मफलरमधला मार्ग मोकळा होई. त्या जानेवारीत सुपर बोलच्या (अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) वेळी तिची जाहिरात झळकली आणि लगेचच जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी तो पर्याय बंद करायला लावला. म्हणजे घरी शांत, रस्त्यावर मोकळं, ही इच्छा जुनीच आहे. आज विजेवर उघडणारे कटआउट, म्हणजे धूर मफलरआधीच बाहेर सोडणारी झडपेची तोंडं, मिळतात. त्यांची झडप काही काळाने गळू लागते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

नळी संपते कुठे

माझी पहिली जोडणी एका गॅरेजने करून दिली होती: आखूड ग्लासपॅक, आणि नळ्या मागच्या ॲक्सलच्या आधीच जमिनीकडे वळवून संपवलेल्या. बाहेरून जबरदस्त वाटायचं. एका रविवारी दीड तासाच्या प्रवासात मागच्या सीटवरची माझी मुलगी डोकं दुखतंय म्हणाली, मग मळमळतंय म्हणाली. काचा उघडल्या, गाडी थांबवली, ती बाहेर येऊन बसल्यावर बरी झाली. दुसऱ्या दिवशी घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत ठेवून चालवली आणि तो वाजला. जुन्या गाडीच्या तळाला, ट्रंकच्या रबराला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) भोकांना फटी असतातच. धूर तळाखाली सोडला की तो आत येतो. या वायूला रंग नाही, वास नाही.

त्यामुळे नळी ॲक्सलवरून नेऊन मागच्या बंपरच्या बाहेर काढायची, यात तडजोड नको. लांब टेलपाइपने खर्जही वाढतो, म्हणजे आवाजासाठीही तेच बरं. ट्रंकचं रबर नवीन घाला, तळातली भोकं बुजवा, आणि बॅटरीवर चालणारा एक अलार्म गाडीत कायमचा ठेवा.

घुमणं

हायवेवर एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत जे ‘हूँऽऽ’ भरून राहतं, त्याचं गणित सोपं आहे. व्ही-८ मध्ये एका फेऱ्यात चार ठोके, म्हणून आरपीएमला १५ ने भागलं की मुख्य सूर हर्ट्झमध्ये मिळतो. २,००० ला १३३, २,८०० ला १८७. तुमची गाडी हायवेवर किती आरपीएमला धावते ते आधी बघा. माझ्या तीन गिअरच्या शेव्हेलला ताशी ६५ मैलांना २,८०० च्या आसपास लागतात. ओव्हरड्राइव्हचा (इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर असलेला) गिअरबॉक्स असेल तर तुमचा आकडा बराच खाली असेल.

आधी मोठी पेटी आणि मागची पूर्ण लांबी यांनी काय होतं ते पाहा. तरी उरलं तर जे-पाइप: मुख्य नळीला जोडलेली, दुसरं टोक बंद असलेली आडवाटेची नळी. तिची लांबी त्या सुराच्या लाटेच्या चौथ्या भागाइतकी ठेवली की परतणारी लाट तो सूर मारते. मागच्या भागात वायू २०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरला तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४३५ मीटर. म्हणजे १३३ हर्ट्झला साधारण ८२ सेंटिमीटर, १८७ ला ५८. तापमानाप्रमाणे हे थोडं सरकतं, म्हणून टोकाला आधी सरकती टोपी लावून लांबी जुळवा आणि मग वेल्ड करा. बाहेरच्या आवाजाला याने धक्का लागत नाही.

कायदा

राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, आपले बघून घ्या. कॅलिफोर्नियात ६,००० पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना धुराची तपासणी नाही, पण आवाजातून सूट नाही. उभ्या गाडीच्या चाचणीत माइक टेलपाइपच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशांत धरतात. फोनवरच्या ॲपने तसंच मोजून आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. आकडा पक्का नसेल, पण फरक कळतो. गाडीला मुळात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल, म्हणजे साधारण १९७५ पासूनची असेल, तर तो काढू नका, ते बेकायदा आहे. आणि हे महाराष्ट्रात वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बुलेटला पुंगळी लावून फिरणाऱ्यांचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

बसवताना

गाडी लिफ्टवर घ्या, पण ॲक्सलला आधार देऊन, म्हणजे चाकं रस्त्यावर असतात तशीच बसलेली राहतील. ॲक्सल लोंबकळत ठेवून नळी बसवली तर ती पहिल्याच खड्ड्यात आपटते. इंजिन जोरात ओढताना डावीकडून उचलतं, तिथे बोटभर जागा सोडा. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर राहा, जमत नसेल तिथे उष्णतारोधक पत्रा लावा. हँगर रबराचेच हवेत. लोखंडाला लोखंड जोडलं की सगळा कंप तळात उतरतो. यू-बोल्टने नळी चेपते आणि पुन्हा सुटत नाही, म्हणून सांध्यांना पट्टीचे क्लॅम्प वापरा.

वेल्डरला आधी फक्त टाके मारायला सांगा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढलेली असू दे. टाक्यांवर गाडी हळू फिरवून आणा, वळणं घ्या, स्पीडब्रेकर ओलांडा, मागे दोन माणसं बसवा. कुठे घासतं ते खुणांवरून दिसेल. ते सुधारलं की मगच पक्कं वेल्डिंग.

पहिल्या एक-दोन तापण्यांत नवीन नळ्यांवरचं तेल आणि रंग जळून धूर येतो, घाबरू नका, पण हे गॅरेजचं शटर उघडं ठेवून करा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि शंभर मैलांनी आणखी एकदा. ग्लासपॅक किंवा भरण असलेला मफलर असेल तर पहिले काही आठवडे त्याचा सूर बदलत राहतो. महिनाभर चालवा, मग त्याच जागी फोन धरून पुन्हा मोजा, आणि जे-पाइप लागतो की नाही ते तेव्हा ठरवा.